भंडाऱ्याचा पिवळा कोण ठरवतं?

सोमवती अमावास्येला खंडोबाची पालखी कऱ्हेच्या स्नानाला निघते, तेव्हा जेजुरीत काढलेला माझा एक फोटो आहे. भरदुपारचं ऊन, पायऱ्यांवर पांढरी धोतरं नि सदरे, मधोमध पालखी आणि वर हवेत नुकताच उधळलेला भंडारा. कॅमेऱ्यातून आलेली ही एकच रॉ फाइल मी लाइटरूम, डार्कटेबल आणि रॉथेरपी अशा तीन सॉफ्टवेअरमध्ये उघडली. लाइटरूम विकतचं, बाकीची दोन ओपन सोर्स, म्हणजे फुकट आणि आतला कोड सर्वांना खुला असलेली. एकही बटण न हलवता तिन्ही चित्रं शेजारी ठेवली, तर तीन वेगळे भंडारे दिसले. एकात लिंबाच्या सालीसारखा पिवळा, दुसऱ्यात केशराकडे झुकलेला, तिसऱ्यात मधला, थोडा फिकट. फाइल तीच, तिच्यातला एकही आकडा बदललेला नव्हता.

यातला खरा कुठला, हा प्रश्न सोडवायला मला बरेच दिवस लागले. तो सोडवताना विकतची आणि ओपन सोर्स सॉफ्टवेअर एकमेकांपासून नेमकी कुठे वेगळी आहेत, तेही कळत गेलं.

रॉ फाइल हा फोटो नसतो, इथून सुरुवात करावी लागते. सेन्सरवरचा प्रत्येक ठिपका रंगांधळा असतो. आपल्यावर किती प्रकाश पडला एवढंच त्याला कळतं. म्हणून प्रत्येक ठिपक्यावर लाल, हिरवी किंवा निळी अशी एकच काच बसवलेली असते. ही मांडणी कोडॅक कंपनीतल्या ब्राइस बेयर यांची. तिचं पेटंट 1976 सालचं आहे. चार ठिपक्यांच्या चौकोनात दोन हिरवे, एक लाल, एक निळा. हिरवे दुप्पट, कारण बारीक तपशील टिपताना आपल्या डोळ्याची भिस्त हिरव्याच्या आसपासच्या प्रकाशावर सर्वात जास्त असते.

म्हणजे 24 मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यात 1 कोटी 20 लाख ठिपके हिरवा मोजतात, 60 लाख लाल आणि 60 लाख निळा. पूर्ण चित्राला मात्र प्रत्येक ठिपक्यावर तिन्ही रंग लागतात, म्हणजे एकूण 7 कोटी 20 लाख आकडे. मोजलेले फक्त 2 कोटी 40 लाख. उरलेले दोन तृतीयांश आकडे सॉफ्टवेअर शेजारपाजारच्या ठिपक्यांवरून अंदाजाने भरतं. या कामाला डीमोझेइकिंग म्हणतात. आपण ज्याला फोटो म्हणतो, त्यातला बहुतांश भाग अशी भरलेली गाळलेली जागा असते, हे मला पहिल्यांदा समजलं तेव्हा मी सुन्न झालो होतो.

आता त्या भंडाऱ्याकडे जवळून बघू. 14 बिटच्या फाइलमध्ये प्रत्येक ठिपक्याचा आकडा 0 ते 16383 या दरम्यान असतो. (जेपेगमध्ये प्रत्येक रंगाला जेमतेम 256 पायऱ्या मिळतात.) समजा, भंडाऱ्याच्या एका ठिकाणी लाल 7400, हिरवा 9200 आणि निळा 900 असे आकडे आहेत. पिवळ्याधमक हळदीत हिरवा जास्त कसा, असं वाटेल. पण सेन्सर हिरव्याला मुळातच जास्त दाद देतो. ती तफावत काढायला व्हाइट बॅलन्सचे गुणक असतात. उन्हातल्या फोटोसाठी ते साधारण लालला 2 आणि निळ्याला 1.5 धरू. गुणाकार केला की लाल 14800, हिरवा 9200, निळा 1350. ही झाली हळद: लाल सर्वात वर, हिरवा त्याच्या सुमारे 62 टक्के, निळा नावापुरता.

आता त्याच उधळणीतला दुसरा कण घ्या. त्याच्यावर ऊन थेट पडलंय, म्हणून तो 1.7 पट उजळ आहे. सेन्सरचे आकडे होतात लाल 12580, हिरवा 15640, निळा 1530. तिन्ही मर्यादेच्या आत आहेत, सेन्सरने काहीही गमावलेलं नाही. पण गुणाकारानंतर लाल होतो 25160. चित्रात मावणारा सर्वात मोठा आकडा 16383 धरला, तर लाल तिथेच छाटावा लागतो. आता लाल 16383 आणि हिरवा 15640, जवळजवळ सारखेच. लाल आणि हिरवा समसमान झाले की दिसतो तो लिंबाचा पिवळा. हळद गेली, आणि ती सेन्सरने घालवली नाही, छाटणीने घालवली.

दुसरा मार्ग असा, की तिन्ही आकडे एकाच प्रमाणात खाली आणायचे: 16383, 10184, 1494. रंग हळदीचाच राहतो, पण हा कण आता शेजारच्या सावलीतल्या कणापेक्षा फारसा उजळ उरत नाही. उधळणीतलं ऊनच निघून जातं आणि सगळं केशरी पिठासारखं सपाट दिसतं. तिसरा मार्ग फिल्मच्या वागणुकीशी मिळताजुळता: प्रकाश वाढेल तसा रंग हळूहळू फिका करत पांढऱ्याकडे न्यायचा.

तिन्ही मार्गांना किंमत आहे. म्हणून "खरा पिवळा कुठला" या प्रश्नाला फाइलमध्ये उत्तरच नाही. ते उत्तर कुणीतरी द्यावं लागतं. लाइटरूम किंवा कॅप्चर वनसारख्या विकतच्या सॉफ्टवेअरमध्ये ते कंपनीच्या रंगतज्ज्ञांनी आधीच देऊन कॅमेऱ्याच्या प्रोफाइलमध्ये बंद करून ठेवलेलं असतं. ते उत्तर बहुतेक वेळा चांगलं असतं, हे मी मनापासून सांगतो. त्यामागे वर्षानुवर्षांची मेहनत आहे. डार्कटेबलमध्ये 2018 अखेर फिल्मिक नावाचं मॉड्यूल आलं, त्याच्या पुढच्या आवृत्तीत हाच निर्णय एका यादीच्या रूपात समोर आला: रंगांचं प्रमाण जपायचं की नाही, आणि जपायचं तर कुठल्या हिशेबाने. पहिल्या दिवशी ती यादी बघून माणूस गांगरतो. मीही गांगरलो. पण भंडाऱ्याचं वरचं गणित मला त्या यादीमुळेच शोधावंसं वाटलं.

पांढऱ्या धोतरांचा किस्सा याचाच भाऊ आहे. तिथे ऊन इतकं होतं की तिन्ही रंगांचे ठिपके काठोकाठ भरले, सगळीकडे 16383. गुणक लावले की लाल 32766, निळा 24574 आणि हिरवा जिथल्या तिथे. लाल आणि निळा मिळून जांभळट गुलाबी होतो, म्हणून जळालेले हायलाइट, म्हणजे फोटोतले सर्वात उजळ भाग, कधीकधी गुलाबी दिसतात. सोपा उपाय म्हणजे तिन्ही 16383 वर छाटून पांढरं करून टाकायचं. चांगला उपाय म्हणजे काठावरच्या भागात, जिथे एक रंग भरलाय पण दुसरा अजून शाबूत आहे, तिथून आधार घेऊन हरवलेला रंग पुन्हा उभारायचा. विकतची सॉफ्टवेअर हे न विचारता, गुपचूप आणि छान करतात. डार्कटेबल आणि रॉथेरपीत एकापेक्षा जास्त पद्धती आहेत. धोतराच्या चुण्या मला रॉथेरपीत सर्वात चांगल्या परत मिळाल्या, तेही तिसऱ्या प्रयत्नात.

गाळलेल्या जागा भरण्याच्या बाबतीत तर रॉथेरपी ही शाळाच आहे. गाबोर होर्वाथ यांनी 2004 साली ते सुरू केलं आणि 2010 च्या जानेवारीत त्याचा स्रोत, म्हणजे मूळ कोड, जीपीएल या मुक्त परवान्याखाली सर्वांना खुला झाला. त्यात डीमोझेइकिंगच्या पद्धती नावानिशी निवडता येतात. अमेझ नावाची जी पद्धत बारीक तपशिलासाठी वाखाणली जाते, ती एमिल मार्टिनेक यांची. ते मुळात शिकागो विद्यापीठातले सैद्धांतिक भौतिकशास्त्रज्ञ, स्ट्रिंग थिअरीवर काम करणारे. कमी आयएसओवर (म्हणजे सेन्सरची संवेदनशीलता कमी ठेवून) काढलेल्या पैठणीच्या काठाला अमेझ लावा. रात्रीच्या, दाणेदार फोटोला एलएमएमएसई ही दुसरी पद्धत लावा. तोच फोटो 200 टक्क्यांवर मोठा करून दोन्ही आलटून पालटून बघितला, तर जरीच्या तिरक्या रेघा कुठे सलग राहतात आणि कुठे चक्रव्यूहासारख्या तुटतात हे डोळ्यांना दिसतं. पूर्ण फोटो फोनवर बघणाऱ्याला मात्र या फरकाचा पत्ताही लागणार नाही, हेही तितकंच खरं.

रात्रीच्या फोटोत विकतची सॉफ्टवेअर सरळ पुढे आहेत, तिथे आडपडदा ठेवण्यात अर्थ नाही. प्रकाश कणाकणांनी येतो आणि त्या कणांच्या मोजणीत मुळातच चढउतार असतो. सरासरी 10000 कण येत असतील तर चढउतार 100 च्या आसपास, म्हणजे 1 टक्का. 100 कणच येत असतील तर चढउतार 10, म्हणजे 10 टक्के. अंधारातला दाणेदारपणा मुख्यतः इथून येतो, तो सगळाच कॅमेऱ्याचा दोष नसतो. डार्कटेबलमध्ये प्रत्येक कॅमेऱ्याचा, प्रत्येक आयएसओचा असा चढउतार मोजून साठवलेला असतो आणि त्या मापाने दाणे कमी केले जातात. ही पद्धत प्रामाणिक आहे, पण जे मोजलंच गेलं नाही ते ती आणू शकत नाही. 2020 मध्ये डीएक्सओ कंपनीने डीपप्राइम आणलं, 2023 मध्ये लाइटरूम बनवणाऱ्या अडोबीने त्यात एआय डीनॉइज दिलं. ही न्यूरल जाळी असंख्य फोटोंवर शिकलेली असतात. डीपप्राइम गाळलेल्या जागा भरणं आणि दाणे काढणं ही दोन्ही कामं एकत्रच करतं, कारण आधी चुकीचा अंदाज भरून मग तो पुसत बसण्यापेक्षा ते शहाणपणाचं आहे. भिगवणला पहाटेच्या अंधारात पक्षी टिपणाऱ्याला मी हेच सुचवेन. फक्त एक गोष्ट लक्षात ठेवावी: पिसांची जी रेघ दिसतेय ती कधीकधी त्या पक्ष्याची नसते, शिकलेल्या असंख्य पिसांची सरासरी असते. नोंदीसाठी फोटो हवा असेल तर मूळ रॉ जपून ठेवलीच पाहिजे.

मूळ रॉ जपायची, तर ती पुढे वाचणार कोण? ओपन सोर्सचं माझ्या लेखी सर्वात मोठं मोल इथे आहे. प्रत्येक कंपनीची रॉ फाइल वेगळी आणि बहुतेक कंपन्या तिची रचना जाहीर करत नाहीत. 1997 साली डेव्ह कॉफिन यांनी डीसीरॉ नावाचा प्रोग्रॅम लिहायला घेतला. कुठल्याही कॅमेऱ्याची रॉ कुठल्याही संगणकावर उघडली पाहिजे, हा त्यांचा ध्यास. सी भाषेतली एकच फाइल, ओळी दहा हजारांच्या आसपास, आणि शेकडो कॅमेऱ्यांच्या रचना उलगडून त्यात बसवलेल्या. जगभरच्या कितीतरी सॉफ्टवेअरने, विकतच्यासुद्धा, त्याचा आधार घेतला. 2018 नंतर त्याची नवी आवृत्ती आली नाही, पण त्यातूनच निघालेलं लिबरॉ आज ते काम पुढे नेतंय.

2005 मध्ये निकॉनच्या डी2एक्स कॅमेऱ्याने व्हाइट बॅलन्सचे आकडे कूटबद्ध करून फाइलमध्ये ठेवायला सुरुवात केली. म्हणजे वर पाहिलेले ते 2 आणि 1.5, फोटो ज्याने काढला त्याच्याच फाइलमध्ये, कुलपात. फोटोशॉपचे एक जनक थॉमस नोल यांनी यावर जाहीर नाराजी व्यक्त केली, पण कायदेशीर गुंत्याच्या धास्तीने अडोबीने स्वतः ते कुलूप उघडायचं टाळलं. कॉफिन यांनी उघडलं आणि ते कसं उघडायचं ते सर्वांसमोर ठेवलं. पुढे निकॉनशी बोलून अडोबीचाही मार्ग निघाला. दुसऱ्या बाजूला, 2018 साली आलेली कॅननची सीआर3 फाइल उघडायला डार्कटेबलला 2021 चा डिसेंबर उजाडला. नवा कॅमेरा घेतल्यावर अशी वाट बघावी लागणं ही खरी अडचण आहे. विकतच्या सॉफ्टवेअरमध्ये ती सहसा काही आठवड्यांत सुटते.

पैशांचा हिशेब मी थोडक्यात मांडतो. लाइटरूमची एकदाच पैसे भरून कायमची मिळणारी शेवटची आवृत्ती सहावी, 2015 ची. आता दरमहा भाडं. भाडं थांबलं की फोटो दिसतात, बाहेरही काढता येतात, पण डेव्हलपचा, म्हणजे फोटो सुधारण्याचा, विभाग बंद होतो. लग्नाचे तीन हजार फोटो दोन दिवसांत द्यायचे असतील तर ते भाडं पहिल्याच लग्नात वसूल होतं. त्या व्यवसायात असलेल्या मित्राला मी डार्कटेबल सुचवणार नाही. फोटोग्राफी शिकणाऱ्या कॉलेजच्या पोरांना मात्र रॉथेरपीच सुचवतो. रॉ फाइलच्या पोटात कॅमेऱ्याने स्वतः बनवलेला एक छोटा जेपेग असतो. 2018 पासून रॉथेरपी तो बघून आपली उजेडाची वक्ररेषा त्याच्याशी जुळवून घेतं. त्यामुळे सुरुवातीलाच फोटो मरगळलेला दिसून हिरमोड होत नाही, आणि तिथून पुढे एकेक दार उघडून आत बघता येतं.

माझ्या मामेबहिणीच्या लग्नाच्या रॉ फाइल 2007 च्या आहेत. त्या मी तेव्हा एका विकतच्या सॉफ्टवेअरमध्ये महिनाभर बसून सजवल्या होत्या. ते सॉफ्टवेअर पुढे बंद पडलं, आणि केलेलं काम दुसऱ्या कुठल्याच सॉफ्टवेअरला वाचता येईना. (ही उणीव डार्कटेबललाही चुकलेली नाही. केलेले बदल साठवणारी त्याची एक्सएमपी फाइल साध्या अक्षरांत असली, तरी तिच्यातल्या सूचनांचा अर्थ डार्कटेबललाच कळतो.) रॉ मात्र सगळ्या उघडल्या, पहिल्या फटक्यात. मामा आता नाहीत. त्यांचा फेटा जुन्या प्रिंटमध्ये झगझगीत लाल दिसतो, कारण तेव्हाच्या प्रोग्रॅमने लाल रंग छाटला होता. आकडे मात्र फाइलमध्ये तसेच होते. गेल्या आठवड्यात त्या पुन्हा उलगडल्या तेव्हा फेट्याच्या पिळांमधली सावली दिसली, आणि तो लाल नव्हताच, डाळिंबी होता.