नळाची धार कुठे अडते?

विहिरीला भरपूर पाणी आहे, पंप नवा आहे, गच्चीवरची टाकी काठोकाठ भरलेली आहे, आणि तरीही वरच्या मजल्यावरच्या शॉवरला धार नाही, अशी तक्रार कोकणातल्या अनेक घरांत ऐकू येते. त्यावर जास्त अश्वशक्तीचा पंप बसवण्याचा सल्ला हमखास मिळतो. माझ्या मते तो बहुतेक वेळा चुकीचा असतो, कारण विहिरीवरच्या पंपाचे काम पाणी टाकीत पडताच संपते. पुढचा दाब टाकीच्या उंचीवर ठरतो.

पाण्याच्या १० मीटर उंच स्तंभाचा दाब दर चौरस सेंटिमीटरला सुमारे १ किलो असतो. टाकीतले पाणी शॉवरपेक्षा ३ मीटर वर असेल, तर मिळतो जेमतेम ०.३ किलो, मग टाकी ५०० लिटरची असो वा ५,००० लिटरची. तोही सर्व नळ बंद असतानाचा. पाणी वाहू लागले की पाइपमधल्या घर्षणात त्यातला काही भाग खर्ची पडतो, आणि प्रवाह तेवढाच ठेवून पाइपचा व्यास निम्मा केला, तर हा खर्च सुमारे ३२ पट होतो. जुन्या लोखंडी पाइपांत कोकणात गंज धरतो, देशावर बोअरच्या जड पाण्यातले क्षार साचतात. १५ मिलिमीटरच्या पाइपात आतून सर्व बाजूंनी अवघा दीड मिलिमीटरचा थर बसला, तरी घर्षण तिपटीच्या आसपास जाते.

म्हणून आधी एकच नळ उघडून बादली किती सेकंदांत भरते ते मोजावे, मग दुसरा नळ उघडून पुन्हा मोजावे. दुसऱ्या नळाने पहिल्याची धार एकदम मंदावली, तर टाकीतून उतरणारा मुख्य पाइप अरुंद किंवा चोंदलेला आहे असे समजावे आणि तो एक किंवा सव्वा इंची करावा. एकट्या नळालाही धार नसेल, तर शॉवरची जाळी आणि नळाचा व्हॉल्व्ह साफ करून पाहावा. एवढे करूनही भागले नाही, तरच टाकी उंच करावी किंवा तिच्या पुढे प्रेशर पंप जोडावा.

उन्हाळ्यात टाकीच भरत नसेल, तर कारण वेगळे असते. काठावरचा पंप पाणी ओढतो असे आपण म्हणतो, पण प्रत्यक्षात हवेचा दाब ते वर ढकलतो, आणि त्याची मर्यादा तत्त्वतः सुमारे १०.३ मीटर, व्यवहारात ७ मीटरच्या आसपास आहे. पाणी त्याहून खाली गेले की पंपाची अश्वशक्ती वाढवून उपयोग होत नाही. पंप विहिरीत खालच्या टप्प्यावर उतरवावा लागतो किंवा पाण्यात बुडणारा पंप घ्यावा लागतो.