अ‍ॅन्सन बर्लिंगेम यांचे खासगी कागद पाहायचे आहेत? रीडर कार्ड, पात्रता आणि लागणारी कागदपत्रे

गुलामगिरीचे कट्टर विरोधक असलेले बर्लिंगेम मॅसॅच्युसेट्सचे खासदार होते. १८५६ मध्ये गुलामगिरीचा समर्थक खासदार प्रेस्टन ब्रुक्स याने गुलामगिरीविरोधी सिनेटर समनर यांना सिनेटच्या सभागृहातच काठीने झोडपलं, तेव्हा बर्लिंगेम यांनी भाषणात त्याचा खरपूस समाचार घेतला. ब्रुक्सने द्वंद्वाचं आव्हान दिलं. बर्लिंगेम यांनी ते स्वीकारलं, वर नायगाऱ्याची कॅनडाकडची बाजू आणि रायफली सुचवल्या. ब्रुक्स तिकडे फिरकला नाही. १८६१ पासून ते चीनमध्ये अमेरिकेचे राजदूत होते आणि १८६७ नंतर चक्क चीनचेच दूत झाले.

त्यांचे आणि मुलगा एडवर्ड यांचे घरगुती कागद वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये, हस्तलिखित विभागात आहेत.

ते पाहायला लायब्ररीचं रीडर कार्ड, म्हणजे वाचकाचं ओळखपत्र, लागतं. पात्रता एवढीच: वय १६ पूर्ण. पदवी, गाईडचं पत्र, संस्थेची शिफारस, काहीही लागत नाही. आपल्याकडच्या दफ्तरखान्यांत हेलपाटे घातलेल्यांना हे पटत नाही, पण खरं आहे. कार्ड मोफत मिळतं. सरकारी फोटो ओळखपत्र मात्र मूळ प्रतच हवं. भारतातून जाणाऱ्यांनी सरळ पासपोर्ट न्यावा, झेरॉक्सवर काम होत नाही. नोंदणीचा फॉर्म आधी ऑनलाइन भरता येतो, पण कार्ड घ्यायला स्वतः जावं लागतं.

खरं काम घरी बसून करायचं असतं. संग्रहाची सूची ऑनलाइन बघा आणि हवे ते खोके क्रमांक उतरवून घ्या. कागद बापाचे की मुलाचे, हेही तिथेच तपासा. एडवर्ड स्क्रिब्नर्स मासिकाचे संपादक होते, त्यामुळे त्यांचा पत्रव्यवहार वेगळ्याच जगातला आहे. मग विभागाला ईमेल करून येण्याची तारीख कळवा. काही संग्रह दुसऱ्या गोदामात असतात, ते मागवायला वेळ लागतो.

वाचनकक्ष मॅडिसन इमारतीत आहे. बॅग, कोट लॉकरमध्ये. पेन चालत नाही, फक्त पेन्सिल. लॅपटॉप चालतो. फ्लॅश बंद ठेवून फोटो काढता येतात. एका वेळी एकच फोल्डर उघडायचं, आणि कागदांचा क्रम मोडायचा नाही.

एक गल्लत हमखास होते. बर्लिंगेम यांनी चीनमधून परराष्ट्र खात्याला पाठवलेले अधिकृत खलिते या संग्रहात शोधू नका. ते नॅशनल आर्काइव्हजकडे, म्हणजे अमेरिकेच्या राष्ट्रीय दफ्तरखान्याकडे आहेत, मायक्रोफिल्म मालिका एम ९२ मध्ये. तिथलं कार्ड वेगळं काढावं लागतं. लायब्ररीचं दाखवून चालत नाही.