स्टँड, स्टेशन, यार्ड आणि बायपास: बाजारगावांच्या वाहतुकीची पार्श्वभूमी

वाढत्या बाजारगावाची वाहतूक सुधारायची म्हटली की निवेदनातली पहिली मागणी ठरलेली असते: जादा गाड्या सोडा. मागणी चुकीची नाही, पण अर्धीच आहे. महाराष्ट्रातल्या तालुक्याच्या कितीतरी पेठांमध्ये रेल्वे स्टेशन एका टोकाला, एसटी स्टँड गावाच्या पोटात, बाजार समितीचे यार्ड तिसरीकडे आणि महामार्गाचा बायपास या सगळ्यांपासून लांब अशी मांडणी दिसते. ही कामे वेगवेगळ्या काळात, वेगवेगळ्या खात्यांनी, वेगवेगळ्या हेतूंनी केली. त्यांना जोडण्याची जबाबदारी मात्र कोणाकडेच आली नाही.

सुरुवात रेल्वेपासून झाली. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे गाडी धावली, १८६३ मध्ये बोरघाट आणि १८६५ मध्ये थळघाट ओलांडला गेला, १८६७ मध्ये रूळ नागपूरला पोचले. डोळ्यांपुढे मुंबई बंदर होते आणि तिथे जाणारा कापूस. चढ कमी लागेल, पूल कमी बांधावे लागतील अशी रेषा निवडली गेली. वाटेतल्या पेठेसाठी ती वाकवण्याचे कारण कंपनीला दिसत नव्हते. नाशिकचे स्टेशन गावापासून आठ-नऊ किलोमीटरवर पडले ते यामुळेच. तेवढ्या अंतरासाठी पुढे घोड्यांची ट्राम घालावी लागली आणि ती १९३०च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत चालली. स्टेशन ते पेठ हा टप्पा वेगळा काढून सोडवण्याचा महाराष्ट्रातला हा जुना प्रयोग.

बार्शीची गोष्ट जास्त बोलकी आहे. कापसाची मोठी पेठ, पण मुख्य मार्ग पस्तीसएक किलोमीटरवरून गेलेला. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज अभियंत्याने इथे ७६२ मिलिमीटर रुंदीचा अरुंदमापी मार्ग टाकला आणि १८९७ मध्ये बार्शी लाइट रेल्वे सुरू झाली. त्याचा हिशेब साधा होता: इंजिन असो की डबा, कुठल्याही आसावर ५ टनांपेक्षा जास्त भार येऊ द्यायचा नाही. मग हलके रूळ चालतात, पूल स्वस्तात होतात आणि एका पेठेच्या मालावरही मार्ग परवडतो. हा मार्ग १९०६ मध्ये पंढरपूरला, १९११ मध्ये लातूरला आणि १९२७ मध्ये मिरजेला पोचला. अडचण होती कुर्डुवाडीला, जिथे हा मार्ग मुख्य मार्गाला मिळे. तिथे रुळांची रुंदी बदलत असल्याने प्रत्येक गाठ हमालांनी एका वॅगनमधून उतरवून दुसरीत चढवायची. वेळ जाई, माल फाटे, हमाली लागे. रस्ते सुधारले आणि दुकानाच्या दारातून थेट मुंबईला जाणारा ट्रक मिळू लागला, तसा व्यापारी तिकडे वळला. १९५४ मध्ये मार्ग सरकारकडे आला, पण कुर्डुवाडी-लातूर रुंदीकरण पुरे व्हायला २००८ उजाडले. त्या कामात रूळ वळवून उस्मानाबाद, आताचे धाराशिव, जोडून घेतले. गावाकडे रेषा वाकवता येते, फक्त इथे त्याला शतक लागले.

रस्त्यावर १९२०-३०च्या काळात खासगी मोटारी होत्या. भरली की सुटणार, नाही भरली तर थांबणार. १९३९च्या मोटार वाहन कायद्याने परवान्यांची शिस्त आली, १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर पहिली एसटी धावली आणि १९५०च्या कायद्याने महामंडळांना पाया मिळाला. ‘रस्ता तिथे एसटी’ हे धोरण खरोखर अमलात आले, हे मान्य करावेच लागेल. स्टँड आणि आगारांसाठी तेव्हाच्या गावाच्या कडेला जागा मिळाल्या. पुढे गाव त्यांच्याभोवती वाढले आणि कडेचा स्टँड भर बाजारात आला. आज कित्येक ठिकाणी गाडीला फलाटावरून मुख्य रस्त्याला लागायलाच पंधरा-वीस मिनिटे जातात आणि वेळापत्रकात ती कुठेच धरलेली नसतात.

जादा गाडी म्हणजे नेमके काय, हे आकड्यात बघू. समजा एखादे खेडे पेठेपासून चोवीस किलोमीटरवर आहे. थांबे धरून ताशी तीसचा वेग म्हटला तर अठ्ठेचाळीस मिनिटे, वर वळण्याची आणि प्रवासी घेण्याची दहा-बारा. म्हणजे एका बाजूला एक तास, जाऊन-येऊन दोन. १९६१च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने कामाचा दिवस आठ तासांचा धरला. त्यातून विश्रांती, गाडीची तपासणी आणि शेवटी रोकड भरण्याचा वेळ वजा केला की हातात तीन फेऱ्या उरतात. एका पाळीतल्या एका गाडीकडून याहून जास्त होत नाही. दर तासाला गाडी हवी असेल तर दोन गाड्या लागतात आणि संध्याकाळीही हवी असेल तर चालक-वाहकांची दुसरी जोडी.

आता भारमान, म्हणजे आसनांच्या तुलनेत प्रवासी किती. गाडी ४४ आसनांची. मुक्कामी गाडी सकाळी गावातून निघताना ५० जण, परत जाताना ६. दुपारी येता-जाता पंधरा-पंधरा. संध्याकाळी येताना ८, जाताना ५०. सहा खेपांत १४४ प्रवासी, आसने २६४, भारमान साधारण ५५ टक्के. तोटा कमी करायला निघालेल्या माणसाची नजर दुपारच्या फेरीवर जाते, कारण ती एकतृतीयांशच भरलेली. ती बंद होते. पण सकाळी बाजाराला किंवा दवाखान्यात आलेला माणूस त्याच फेरीच्या भरवशावर आलेला असतो. परतीची खात्री गेली की तो सकाळीही वडापने, म्हणजे खासगी जीपने, येतो आणि सहा महिन्यांत सकाळच्या ५०चे ३५ होतात. मग तीही फेरी ‘तोट्यात’ जाते. ग्रामीण फेऱ्या अशा साखळीने गळतात. भारमान फेरीचे न मोजता पूर्ण शेड्यूलचे, म्हणजे गाडीच्या दिवसभराच्या सगळ्या फेऱ्यांचे मिळून, मोजले तर ही चूक टळते.

वडाप, काळी-पिवळी, टमटम यांनी ही पोकळी भरली. कायद्याने त्यांना टप्पा वाहतूक, म्हणजे वाटेत थांबत प्रवासी चढवणे-उतरवणे, करता येत नाही आणि स्टँडपासून २०० मीटरच्या आत त्यांनी उभे राहायचे नाही असा नियम आहे. तरी लोक त्यात बसतात, कारण ती यार्डाच्या दारात सोडतात. ऑक्टोबर २०२१ ते एप्रिल २०२२च्या संपात तर एसटीची सवयच मोडली. १७ मार्च २०२३ पासून महिलांना अर्धे तिकीट झाले तेव्हा प्रवासी परतले, पण गाड्या त्या प्रमाणात वाढल्या नव्हत्या. भरलेली गाडी थांब्यावर न थांबता पुढे जाणे ही तेव्हापासूनची नेहमीची तक्रार.

यार्डाचे म्हणाल तर विदर्भात कारंजाला १८८६ मध्येच नियंत्रित बाजार सुरू झाला होता आणि राज्याचा बाजार समिती कायदा १९६३चा. ट्रक वळवायला आणि वजनकाट्याला जागा हवी म्हणून यार्ड गावाबाहेर गेले. माल पोचला, माणसांची सोय मात्र राहून गेली.

सर्वांत ताजा तुकडा बायपासचा. महामार्ग रुंद झाले, गावांना वळसा पडला आणि लांब पल्ल्याच्या गाड्या पेठेत शिरेनाशा झाल्या. रात्री दोनला उड्डाणपुलाखाली उतरलेल्या प्रवाशाला गाव दोन-तीन किलोमीटरवर दिसते आणि रिक्षा नसते. यावर चांगला चालणारा उपाय म्हणजे यार्ड, स्टँड, स्टेशन आणि बायपास यांना जोडणारी छोटी गाडी. लांब पल्ल्याच्या गाडीची वेळ आधी धरायची आणि छोटी गाडी तिच्या दहा मिनिटे आधी पोचेल अशी मागे मोजत यायची. आठवडे बाजार शेजारच्या गावांत वेगवेगळ्या वारी असतात, त्यामुळे एकच जादा गाडी आठवडाभर फिरवता येते.

हे अडते ते बहुधा थांब्याच्या जागेवर. बायपासवरची जमीन महामार्ग प्राधिकरणाची, दिवा नगरपरिषदेचा, थांब्याची मंजुरी एसटीच्या विभाग नियंत्रकाकडे आणि रिक्षातळ प्रादेशिक परिवहन प्राधिकरणाकडे. अर्ज आधी महामार्ग प्राधिकरणाकडे करावा. मुख्य मार्गिकेवर थांबा मिळत नाही, म्हणून सेवा रस्त्यावरची जागा नकाशावर दाखवून मागावी. तिथे बसला वळून पुन्हा महामार्गाला लागता येते का, हे आगारातल्या चालकाला सोबत नेऊन आधी बघावे. वळण अरुंद असेल तर शेड बांधून होते, उद्घाटनही होते आणि गाड्या पुलावरूनच निघून जातात.