कोलायटिस आणि लिव्हर: एलएफटीचा रिपोर्ट हाती आल्यावर
(ठाण्यातील आमच्या लॅबच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक)

अल्सरेटिव्ह कोलायटिस (मोठ्या आतड्याला सूज आणि व्रण येणारा दीर्घकाळचा आजार) असलेल्यांना एलएफटी, म्हणजे लिव्हरची रक्ततपासणी, वरचेवर करावी लागते. रिपोर्ट व्हॉट्सअ‍ॅपवर आला की नजर आधी जाते एसजीपीटीवर (लिव्हरच्या पेशी दुखावल्या की रक्तात वाढणारं एन्झाइम), कारण ते नाव ओळखीचं असतं. पण कोलायटिसवाल्यांनी ज्या आजाराची धास्ती घेतलेली असते, तो बहुतेक वेळा दुसऱ्याच ओळीत दिसतो: अल्कलाइन फॉस्फेटेज, म्हणजे एएलपी, आणि तिच्या जोडीला जीजीटी. पित्त तुंबलं की ही दोन्ही एन्झाइम वाढतात.

तो आजार म्हणजे प्रायमरी स्क्लेरोझिंग कोलान्जायटिस, थोडक्यात पीएससी. यात लिव्हरमधल्या आणि बाहेरच्या पित्तनलिका सुजतात, जागोजागी आवळतात आणि पित्त तुंबतं. पाश्चात्त्य देशांत कोलायटिसच्या १०० रुग्णांमागे साधारण ५ जणांना तो होतो, आपल्याकडे त्याहून कमी. पोट शांत आहे म्हणजे लिव्हरही ठीक, असं मात्र धरू नका. पीएससी आणि कोलायटिस एकमेकांच्या तालावर चालत नाहीत. पीएससी असलेल्यांचा कोलायटिस बऱ्याचदा सौम्यच असतो, आणि मोठं आतडं काढून टाकलं तरी पित्तनलिकांचा आजार थांबत नाही.

समजा दोन रिपोर्ट शेजारी ठेवले. एकात एसजीपीटी ९२, एएलपी ८८. दुसऱ्यात एसजीपीटी ३८, एएलपी २१०, जीजीटी १८०. घाबरायला होतं पहिला बघून. असा रिपोर्ट बहुधा फॅटी लिव्हरचा, औषधाचा किंवा जिमचा असतो. डॉक्टर जास्त लक्ष देतील ते दुसऱ्याकडे. एएलपीची वरची मर्यादा १२० धरली तर १८० च्या पुढे ती दीडपट होते. काही आठवड्यांनी पुन्हा काढूनही ती तशीच राहिली, तर पुढची पायरी सहसा एमआरसीपी. ही पित्तनलिकांची एमआरआय तपासणी आहे, तिच्यात दुर्बीण घालत नाहीत. साध्या सोनोग्राफीत पीएससी सुटू शकतो, म्हणून ‘सोनोग्राफी नॉर्मल’ एवढ्यावर फाइल बंद करू नये. क्वचित एएलपी नॉर्मल असूनही पीएससी असतो, तेव्हा अंगाला सतत खाज येत असेल तर ती डॉक्टरांना वेगळी सांगा. पीएससीचं निदान झालं की मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचा धोका वाढलेला धरतात आणि कोलोनोस्कोपी दरवर्षी करायला सांगतात.

नुसती एएलपी वाढली तर जीजीटी का बघायची? एएलपी हाडांतूनही येते, आणि गरोदरपणात वारेतून. वाढत्या वयातल्या मुलांत, गरोदरपणात आणि ड जीवनसत्त्व फार कमी असताना ती चढते, तेव्हा जीजीटी नॉर्मल असते. आणखी एक गंमत: ओ आणि बी रक्तगटाच्या काही लोकांत तेला-तुपाच्या जेवणानंतर आतड्यातली एएलपी रक्तात उतरते. म्हणून रात्रीच्या हलक्या जेवणानंतर ८ ते १० तास उपाशीपोटी या. पाणी चालेल, दुधाचा चहा नको. आधीचे दोन-तीन दिवस जोरदार व्यायाम टाळा, कारण स्नायूंतूनही एसजीपीटी आणि तिच्याच जोडीचं एन्झाइम एसजीओटी बाहेर पडतात.

आमच्या बाजूनेही घोळ होऊ शकतो. पिवळ्या टोपणाची नळी हलक्या हाताने पाच वेळा उलटी करायची, ३० मिनिटं उभी ठेवायची आणि मग सेंट्रिफ्यूजमध्ये १० मिनिटं फिरवायची. दोन तासांच्या आत सीरम, म्हणजे रक्ताचा वरचा पातळ भाग, वेगळं व्हायला हवं. घोडबंदर रोडला गाडी अडकली आणि नळी तशीच राहिली, किंवा शीर सापडेना म्हणून सिरिंज जोरात ओढली, तर लाल पेशी फुटतात आणि एसजीओटी खोटी चढते. अशा वेळी रिपोर्टवर ‘हेमोलाइज्ड’ असा शेरा असतो. शेरा दिसला तर त्या आकड्यावर विचार करत बसू नका, नमुना पुन्हा द्या.

औषधांचं. अझाथायोप्रिन (प्रतिकारशक्ती दाबणारी गोळी) सुरू केल्यावर आधी एक-दोन आठवड्यांनी आणि घडी बसली की साधारण तीन महिन्यांनी एलएफटी आणि सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) दोन्ही करतात. सीबीसी गाळू नका, पांढऱ्या पेशी पडणं हा लिव्हरइतकाच मोठा धोका आहे. सल्फासालाझिन या कोलायटिसच्या गोळीची अ‍ॅलर्जी लिव्हरवर आली तर बहुधा पहिल्या काही आठवड्यांत येते. मेसालामाइन या दुसऱ्या गोळीमुळे लिव्हर बिघडणं विरळा, तिथे किडनीसाठी क्रिएटिनिन बघायचं. बायोलॉजिकच्या (प्रतिकारशक्तीचा ठरावीक भाग दाबणारी औषधं) आधी छुपा टीबी सापडून आयसोनियाझिड हे टीबीचं औषध सुरू झालं असेल, तर वाढलेल्या एसजीपीटीचं कारण तेच असू शकतं. बायोलॉजिकआधी हिपॅटायटिस बीची तपासणीही होते, कारण दबलेला विषाणू उसळू शकतो.

आणि काढे. गुळवेलीच्या सेवनानंतर लिव्हरला इजा झालेल्या सहा रुग्णांची नोंद मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केली. फॉर्मवर ‘इतर औषधे’ या रकान्यात काढा, चूर्ण, प्रोटीन पावडर, सगळं लिहा. ‘ते काय औषध थोडंच आहे’ म्हणून हेच नेमकं राहून जातं.

कोलायटिस उसळलेला असताना अल्ब्युमिन (लिव्हर बनवतं ते रक्तातलं प्रथिन) कमी येतं. ते बऱ्याचदा आतड्यातून गळतं आणि सुजेमुळेही घटतं, तेवढ्यावरून लिव्हर निकामी ठरत नाही. पावसाळ्यात एसजीपीटी एकदम हजारावर गेली तर पीएससीपेक्षा पाण्यातून येणाऱ्या हिपॅटायटिस ए किंवा ईची शक्यता आधी बघतात.

शक्यतो दर वेळी एकाच लॅबमध्ये तपासणी करा. मशीन आणि मर्यादा बदलल्या की तुलना फसते.

थंडी वाजून ताप, उजव्या बरगडीखाली दुखणं आणि डोळे पिवळे, असं एकत्र दिसलं तर होम कलेक्शनची वाट पाहू नका. तुंबलेल्या पित्तात जंतुसंसर्ग झालेला असू शकतो. थेट हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत जा आणि कोलायटिसची फाइल, चालू गोळ्यांच्या पट्ट्या आणि मागचे तीन एलएफटी सोबत न्या.