स्टार्ट बटण आणि स्टार्ट मेनू: विंडोज ८ मध्ये नेमके काय गेले होते?

२६ ऑक्टोबर २०१२ रोजी विंडोज ८ बाजारात आले, तेव्हा वापरकर्त्यांचा संताप बहुतेक वेळा ‘स्टार्ट बटण काढून टाकले’ अशाच शब्दांत व्यक्त होत होता. मायक्रोसॉफ्टने पुढच्याच वर्षी, विंडोज ८.१ मध्ये, ते बटण परत दिले. तरीही नाराजी ओसरली नाही, कारण बहुतेकांना हवा होता तो स्टार्ट मेनू, म्हणजे ते बटण दाबल्यावर कोपऱ्यात उघडणारी प्रोग्रॅमची यादी.

बटण ही केवळ जागा दाखवणारी खूण. विंडोज ९५ पासून ती टास्कबारच्या, म्हणजे पडद्याच्या तळाशी असलेल्या पट्टीच्या, टोकाला होती. ती गेल्यावरही माउस डाव्या खालच्या कोपऱ्यात नेला किंवा कीबोर्डवरची विंडोजची कळ दाबली की मेनूच्या जागी आलेला स्टार्ट स्क्रीन उघडतच असे. मात्र डेस्कटॉपवर याची कसलीही खूण नसल्यामुळे नवखा माणूस अडून बसे, आणि त्यात दोष त्याचा मुळीच नव्हता. तरी ही अडचण कोणी एकदा दाखवून दिले की सुटणारी होती.

मेनू जाण्याने झालेले नुकसान मात्र सरावाने भरून निघणारे नव्हते. कार्यालयात पत्र टाइप करताना मध्येच दुसरा प्रोग्रॅम शोधायचा असेल, तर विंडोज ७ मध्ये मेनू पडद्याच्या एका कोपऱ्यात उघडे आणि पत्रातील मजकूर डोळ्यांसमोर राही. विंडोज ८ मध्ये रंगीत चौकटींचा स्टार्ट स्क्रीन संपूर्ण पडदा व्यापून टाकी, आणि हातातल्या कामाचा धागा तुटे. संगणक बंद करायचा तर माउस उजव्या कोपऱ्यात न्यायचा, तिथून सरकत येणाऱ्या पट्टीत ‘सेटिंग्ज’ निवडायचे, मग ‘पॉवर’, आणि त्यानंतर कुठे ‘शट डाउन’. बोटाने हाताळायच्या टॅब्लेटवर ही मांडणी शोभून दिसे. टेबलावरच्या मोठ्या पडद्यावर आणि माउसच्या हाताला ती जाचक होती.

विंडोज ७ मध्ये लोक नेहमीचे प्रोग्रॅम टास्कबारवरच ठेवू लागले असून मेनूचा वापर घटला आहे, असे कंपनीने त्या वेळी सांगितले होते. निरीक्षण खरे असले तरी त्यावरून काढलेला निष्कर्ष मला चुकीचा वाटतो, कारण नेहमीची कामे टास्कबारवर गेल्यानंतर मेनू उरतो तो क्वचित लागणाऱ्या गोष्टी शोधण्यासाठी, आणि नेमकी तिथेच माणसाला आधाराची सर्वाधिक गरज असते.

८.१ मधील बटण दाबले की पुन्हा तोच पडदाभर स्टार्ट स्क्रीन समोर येई. त्यावर उजवी क्लिक केल्यास संगणक बंद करण्याची सोय मिळे, ही सुधारणा मोलाची होती. पण मेनूसाठी क्लासिक शेलसारखे बाहेरचे प्रोग्रॅम बसवणाऱ्यांना तेवढ्याने ते काढून टाकता आले नाहीत. मेनू परतला तो जुलै २०१५ मध्ये, विंडोज १० बरोबर: डावीकडे प्रोग्रॅमची यादी, उजवीकडे त्याच रंगीत चौकटी, आणि मागे उघडे काम पुन्हा दिसू लागलेले.