‘सर्व हक्क’ आधी कोणाचे होते?

शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीचं एखादं मराठी पुस्तक उघडा. आतल्या पानावर बहुधा एक ओळ सापडते: पुस्तक सन १८६७ च्या पंचविसाव्या आक्टाप्रमाणे रजिस्टर केलं आहे आणि सर्व हक्क ग्रंथकर्त्याने आपल्याकडे ठेविले आहेत. ‘ठेविले’ वाचून वाटतं, हक्क पहिल्यापासून लेखकाच्याच कपाटात होते, त्याने ते फक्त कुणाला दिले नाहीत. युरोपातल्या छपाईचा इतिहास मात्र याच्या अगदी उलट आहे. तिथे पहिली अडीचशे वर्षं पुस्तकावरचा हक्क मुख्यतः मुद्रकाचा आणि पुस्तकविक्याचा होता, आणि तोही राजाने किंवा नगरसभेने दिला तर. लेखक या गोष्टीत बराच उशिरा येतो.

हाताने नकला होत तेव्हा हा प्रश्न फारसा उद्भवत नव्हता. नक्कल करणाऱ्याला प्रत्येक प्रतीमागे तेवढाच घाम गाळावा लागे. छापखान्याने हे गणित बदललं. कागद आधी विकत घ्यायचा, आणि तो खर्चातला मोठा वाटा. मग अक्षरांचे खिळे पाडायचे, ते जुळवणारा जुळारी आणि मुद्रितं तपासणारा पदरी ठेवायचा, आणि पुस्तक विकलं जाईपर्यंत सगळा पैसा अडकलेला. मायन्त्सच्या गुटेनबर्गने बायबलच्या सुमारे १८० प्रती छापल्या खऱ्या, पण १४५५ मध्ये त्याला पैसे पुरवणाऱ्या योहान फुस्टने त्याला कोर्टात खेचलं. एवढं सोसून पुस्तक बाजारात आलं की शेजारचा मुद्रक एक प्रत विकत घेणार आणि समोर ठेवून ओळीला ओळ जुळवणार. हस्तलिखित मिळवण्याचा, पाठ ठरवण्याचा, पंडित पोसण्याचा खर्च त्याला नाही. शिवाय माल खपतो, हेही आयतंच कळलेलं.

म्हणून मुद्रकांनी सरकारकडे मक्ता मागितला. सप्टेंबर १४६९ मध्ये व्हेनिसने स्पायरहून आलेल्या योहान नावाच्या जर्मन मुद्रकाला पाच वर्षांचा मक्ता दिला. एखाद्या पुस्तकाचा नव्हे, शहरातल्या छपाईच्या सगळ्या धंद्याचाच! रोमन लेखक सिसेरोची पत्रं छापून तो नुकताच स्थिरावत होता. १४७० मध्ये तो वारला आणि त्याच्याबरोबर मक्ताही संपला. व्हेनिसचं नशीब, दुसरं काय. तो पाच वर्षं जगता, तर पुढे शतकाच्या अखेरपर्यंत युरोपातलं छपाईचं सर्वांत मोठं केंद्र झालेलं हे शहर तसं झालं असतं का, कोण जाणे.

पुढचे मक्ते एकेका पुस्तकाचे होते. १४८६ मध्ये साबेलिको या पंडिताला त्याने लिहिलेल्या व्हेनिसच्या इतिहासासाठी असा हक्क मिळाला: तो नेमेल त्याच मुद्रकाने छापायचं, इतर कुणी छापलं तर ५०० दुकॅट (सोन्याची नाणी) दंड. लेखकाच्या हक्काची सुरुवात म्हणून हे उदाहरण हमखास दिलं जातं. मला ते ओढून-ताणून वाटतं. साबेलिकोने व्हेनिसचं गुणगान करणारा इतिहास लिहिला होता आणि सरकार खूश होतं. ही बक्षिसी होती. मागून मिळालेली कृपा आणि कायद्याने असलेला हक्क यांत फरक आहे, आणि तो फरक मिटायला पुढे सव्वादोनशे वर्षं लागली.

या मक्त्यांचा कागदाबाहेर किती उपयोग होता? आल्दुस मानुतिउस या व्हेनिसच्याच मुद्रकाची कथा पाहा. १५०१ मध्ये त्याने रोमन कवी व्हर्जिलची कविता लहान, हातात मावेल अशा आकारात काढली. अक्षर नवं, तिरपं, हाताच्या वळणाचं, ज्याला आपण आज इटॅलिक म्हणतो. ही पुस्तकं धडाधड खपू लागली. आल्दुसने या अक्षरासाठी व्हेनिसच्या सिनेटकडून मक्ता घेतला, पोपकडूनही घेतला. पण फ्रान्समधल्या लियाँ शहरात सिनेटला कोण विचारतो? तिथल्या मुद्रकांनी तेच आकार, तेच तिरपे खिळे वापरून हुबेहूब आवृत्त्या काढल्या आणि त्यांवर ना मुद्रकाचं नाव घातलं, ना गावाचं.

वैतागून मार्च १५०३ मध्ये आल्दुसने एक जाहीर पत्रकच छापलं. खोटी प्रत ओळखावी कशी, हे त्यात ग्राहकाला समजावलं आहे. डॉल्फिन आणि जहाजाचा नांगर हे माझं चिन्ह त्यावर नसेल. कागद हलका आहे आणि त्याला एक उग्र वास येतो. अक्षरं सुटी-सुटी पडतात, माझ्यासारखी एकमेकांत गुंफलेली नसतात. (फुटपाथवरची पायरेटेड कादंबरी कधी नाकाशी धरली असेल, तर पाचशे वर्षांत काय बदललं असा प्रश्न पडेल.) एवढ्यावर न थांबता त्याने त्या आवृत्त्यांमधल्या छपाईच्या चुकाच मांडल्या. लियाँच्या मंडळींनी ते पत्रक मिळवलं, यादीबरहुकूम चुका दुरुस्त केल्या आणि सुधारलेला माल पुन्हा बाजारात आणला. मुद्रितशोधन फुकटात, तेही आल्दुससारख्या माणसाकडून!

यात आणखी एक माणूस आहे. ते तिरपे खिळे प्रत्यक्षात बोलोन्याच्या फ्रांचेस्को ग्रिफोने कोरले होते. मक्ता मात्र आल्दुसच्या नावावर, त्यामुळे ग्रिफोला स्वतःच्याच हातचं अक्षर व्हेनिसमध्ये दुसऱ्या कुणाला विकता येईना. तो फानो शहरात सोंचिनो नावाच्या ज्यू मुद्रकाकडे गेला, आणि या अक्षराचा खरा कर्ता ग्रिफोच आहे, इतरांनी उसनी पिसं लावली आहेत, असं सोंचिनोने १५०३ मध्ये छापून जाहीर केलं. मक्ता घडवणाऱ्याला नव्हे, मागणाऱ्याला मिळतो, हे ग्रिफोला फार लवकर कळलं.

व्हेनिसमध्ये मग मक्त्यांचा सुकाळ झाला. छापायचं नसलेल्या पुस्तकांवरही लोक मक्ते घेऊन बसू लागले, केवळ दुसऱ्याने छापू नये म्हणून. १५१७ मध्ये सिनेटने आधीचे सगळे रद्द केले आणि यापुढे फक्त नव्या पुस्तकांना मक्ता, असं ठरवलं. १५४५ च्या हुकुमाने तर लेखकाच्या संमतीशिवाय छापायला बंदी केली. चारच वर्षांनी मुद्रकांचा संघ स्थापन करण्याचा हुकूम निघाला, तेव्हा मात्र धर्मद्रोही पुस्तकं शोधायला या संघाची मदत होईल, हा हिशेब उघड होता. धंद्याचं संरक्षण आणि सरकारची पाळत एकाच गाड्याला जुंपण्याची ही युक्ती इंग्लंडने अधिक पक्की केली.

जर्मन मुलखात शेकडो संस्थानं, त्यामुळे एका शहराचा हुकूम शेजारच्या शहरात चालेना. धर्मसुधारक मार्टिन ल्यूथरने १५२४ मध्ये आपल्या बायबल-भाषांतराच्या पुढच्या भागावर कोकरू आणि गुलाब अशी दोन चिन्हं छापून घेतली, पुस्तक आपल्या हाताखालून गेल्याची खूण म्हणून. पुढच्याच वर्षी, प्रवचनांचं दुसरं पुस्तक पुरं होण्याआधीच एका जुळाऱ्याने त्याचं हस्तलिखित चोरून दुसरीकडे छापायला दिलं, अशी त्याची जळजळीत तक्रार आहे. ल्यूथरचा राग गेलेल्या पैशावर नव्हता, मानधन तो घेतच नसे. चोरट्या आवृत्त्यांमध्ये आपलं म्हणणं आपल्यालाच ओळखू येत नाही, हे त्याचं दुखणं होतं.

आता लंडन. १५५७ मध्ये कॅथलिक राणी मेरीने तिथल्या पुस्तकविक्यांच्या संघाला, स्टेशनर्स कंपनीला, सनद दिली. राणीला राजद्रोही आणि पाखंडी पुस्तकांवर चौकीदार हवा होता, दुकानदारांना मक्ता हवा होता. सौदा जमला. मोजके अपवाद सोडले तर छपाई कंपनीच्या सभासदांपुरतीच राहिली आणि छापखान्यांची झडती घ्यायचा अधिकारही कंपनीलाच मिळाला. सभासदाने काही पेन्स भरून कंपनीच्या वहीत पुस्तकाचं नाव नोंदवलं की ती ‘कॉपी’ त्याची. कॉपी म्हणजे प्रत नव्हे, छापण्यासाठी हाती आलेला मजकूर. तो कायमचा त्याचा. विकता येई, गहाण टाकता येई, त्याच्या विधवेकडे जाई. ‘कॉपीराइट’ हा शब्द याच वहीतून उगवला. लेखक सभासद नसे, म्हणून वहीत त्याला जागा नव्हती. त्याला एकदाच काय ते पैसे मिळत.

किती? इंग्लिश कवी मिल्टनचा करार उपलब्ध आहे. ‘पॅराडाइज लॉस्ट’साठी सॅम्युएल सिमन्स या मुद्रकाने एप्रिल १६६७ मध्ये त्याला ५ पौंड दिले. पहिल्या आवृत्तीच्या १३०० प्रती खपल्यावर आणखी ५ द्यायचे ठरले, ते १६६९ मध्ये मिळाले. मिल्टन १६७४ मध्ये वारला. १६८० मध्ये त्याच्या विधवेने ८ पौंड घेऊन उरलेसुरले सगळे हक्क सोडले. एकूण १८ पौंड. पुढे हे हक्क जेकब टॉन्सन या विक्रेत्याकडे गेले आणि त्याने या काव्यावर चांगलीच कमाई केली.

कंपनीच्या मक्त्याचा आधार होता छपाई-परवान्याचा कायदा. तो १६९५ मध्ये संपला आणि पार्लमेंटने पुन्हा लागू केला नाही. कंपनीच्या मक्त्यावर चिडलेल्यांत तत्त्वज्ञ जॉन लॉकही होता. हजार-दीड हजार वर्षांपूर्वीच्या लॅटिन ग्रंथकारांवर लंडनच्या दुकानदारांचा कसला हक्क, असा त्याचा सवाल होता. कंपनीने अर्जामागून अर्ज केले. चौकीदारीची भाषा चालेना, तेव्हा तिने नवं रडगाणं काढलं: चोरट्या आवृत्त्यांनी लेखकाची बायकापोरं उघड्यावर पडतात हो! मिल्टनच्या विधवेला ८ पौंडांत वाटेला लावणाऱ्या धंद्याने हे म्हणावं!

पण डाव लागला. राणी ॲनच्या काळात एप्रिल १७१० पासून नवा कायदा अमलात आला. त्यात हक्क ‘लेखकाचा किंवा ज्याने तो विकत घेतला त्याचा’ झाला. त्या ‘किंवा’मध्ये दुकानदारांचा जीव होता. नव्या पुस्तकाला १४ वर्षं, तेव्हा लेखक हयात असेल तर आणखी १४. जुन्या पुस्तकांना सरसकट २१. वहीत नोंद हवी आणि ठरलेल्या ग्रंथालयांना प्रती द्यायच्या. चोरून छापलेल्या प्रतींची रद्दी करायची, वर दर तावामागे एक पेनी दंड. लेखकासाठी म्हणून मागितलेल्या कायद्याने दुकानदारांच्या कायमच्या हक्काला मुदत घातली.

ती मुदत त्यांनी पुढे ६० वर्षं मानली नाही. कायदा काही म्हणो, लेखकाचा आपल्या निर्मितीवर निसर्गदत्त, अनंत काळचा हक्क असतो आणि तो आम्ही त्याच्याकडून विकत घेतला आहे, असा त्यांचा युक्तिवाद. १७६९ मध्ये एका न्यायालयाने तो मान्यही केला. स्कॉटलंडमधल्या एडिंबरोचा अलेक्झांडर डोनाल्डसन मात्र मुदत संपलेली पुस्तकं छापून थेट लंडनमध्ये दुकान थाटून स्वस्तात विकत होता. जेम्स थॉमसनच्या ऋतूंवरच्या कवितेवरून खटला उभा राहिला आणि अपिलात हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत गेला. कवी जाऊन तेव्हा २५ वर्षं उलटली होती. २२ फेब्रुवारी १७७४ रोजी निकाल लागला: मुदत संपली की पुस्तक सगळ्यांचं.

लंडनच्या विक्रेत्यांनी त्याच महिन्यात पार्लमेंटकडे दिलासा मागितला, पण तो मिळाला नाही. एडिंबरोत बातमी पोचली तेव्हा लोकांनी रस्त्यांत होळ्या पेटवल्या आणि घरांवर दिवे लावले.