एचडीएल कणांच्या कार्यक्षमतेचे जैवनिर्देशक

रक्ततपासणीच्या अहवालात 'एचडीएल कोलेस्टेरॉल' म्हणून छापलेला आकडा एचडीएल कणांमध्ये (रक्तातून कोलेस्टेरॉल वाहून नेणाऱ्या, मेद व प्रथिने यांच्या कणांमध्ये) किती कोलेस्टेरॉल आहे एवढेच सांगतो. ते कण आपले काम कितपत चोख करतात, हे त्यावरून कळत नाही. ते जोखण्यासाठी रक्तातील जी प्रथिने, विकरे (एन्झाइम) व कसोट्या वापरल्या जातात, ते एचडीएलच्या कार्यक्षमतेचे जैवनिर्देशक होत.

धमनीच्या भिंतीतील महाभक्षी (मॅक्रोफेज) पेशींमध्ये साचलेले कोलेस्टेरॉल उचलून यकृताकडे पोहोचवणे, हे एचडीएलचे प्रमुख कार्य. याखेरीज एलडीएलचे, म्हणजे 'वाईट' कोलेस्टेरॉल वाहणाऱ्या कणांचे, ऑक्सिडीकरण रोखणे आणि दाह शमवणे हीही कामे ते करते.

एचडीएल कमी असणाऱ्यांना हृदयविकार अधिक होतो, हे अमेरिकेतील फ्रॅमिंगहॅम या दीर्घकालीन हृदयविकार अभ्यासातून 1977 मध्ये ठळकपणे पुढे आले आणि 'चांगले कोलेस्टेरॉल' ही कल्पना रुजली. पुढे टॉरसेट्रॅपिब या औषधाने एचडीएल सुमारे 72 टक्क्यांनी वाढवले. तरीही मृत्यू वाढल्याने डिसेंबर 2006 मध्ये चाचणी थांबवावी लागली. उलट, इटलीतील लिमोने सुल गार्दा गावच्या काही कुटुंबांमध्ये एपोए-1 या एचडीएलच्या मुख्य प्रथिनातील 'एपोए-1 मिलानो' या उत्परिवर्तनामुळे एचडीएल फारच कमी असते, पण त्या मानाने हृदयविकार वाढलेला आढळत नाही. प्रमाण आणि कार्य या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे यापेक्षा स्पष्टपणे क्वचितच दिसेल.

कार्याची सर्वांत जास्त अभ्यासलेली कसोटी म्हणजे 'कोलेस्टेरॉल बहिर्वहन क्षमता'. प्रयोगशाळेत वाढवलेल्या महाभक्षी पेशींमध्ये किरणोत्सारी किंवा चमकणारी खूण लावलेले कोलेस्टेरॉल भरतात. रुग्णाच्या रक्तद्रवातून एलडीएलसारखे एपोबी हे प्रथिन असलेले कण आधी काढून टाकतात, उरलेला द्रव त्या पेशींवर सोडतात आणि ठरावीक वेळात किती कोलेस्टेरॉल बाहेर आले ते मोजतात. अमेरिकेतील डॅलस हार्ट स्टडी या अभ्यासातील 2,924 प्रौढांचा साधारण 9.4 वर्षे (मध्यक) पाठपुरावा झाला. 2014 मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, ही क्षमता सर्वाधिक असलेल्या चतुर्थांश गटात हृदय-रक्तवाहिन्यांच्या घटनांचा धोका सर्वांत कमी क्षमतेच्या गटापेक्षा 67 टक्क्यांनी कमी होता. एचडीएल कोलेस्टेरॉलचा आकडा जमेस धरूनही हा संबंध टिकला, आणि त्यातच या कसोटीचे खरे मोल आहे.

अप्रत्यक्ष निर्देशकही आहेत. पॅराऑक्सोनेज-1 हे एचडीएलला चिकटलेले ऑक्सिडीकरणविरोधी विकर. त्याची क्रियाशीलता घटणे ही कण दुबळा झाल्याची खूण मानतात. दाह वाढला की सीरम अमायलॉइड ए हे प्रथिन कणात शिरते आणि एपोए-1 ची जागा बळकावते. मायलोपेरॉक्सिडेज हे विकर एपोए-1 ची रचनाच बिघडवते, म्हणून असे ऑक्सिडीकृत एपोए-1 मोजण्याच्या पद्धती विकसित झाल्या आहेत. चुंबकीय अनुस्पंदनाने कणांची संख्या व आकार मोजता येतो, पण संख्या म्हणजेही कार्य नव्हे.

जिवंत पेशींवर अवलंबून असलेली बहिर्वहन कसोटी वेळखाऊ आहे आणि प्रयोगशाळेगणिक तिची पद्धत बदलते, त्यामुळे ती नेहमीच्या तपासणीत आलेली नाही. शिवाय, निर्देशक सुधारला म्हणजे रोग टळेलच असे गृहीत धरता येत नाही. मानवी एपोए-1 पासून बनवलेले सीएसएल112 हे औषध बहिर्वहन क्षमता वाढवते. हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या 18,219 रुग्णांवरील त्याच्या चाचणीत मात्र 90 दिवसांतील हृदय-रक्तवाहिन्यांच्या विकारांमुळे होणारे मृत्यू, पुन्हा झटका वा पक्षाघात यांत लक्षणीय घट झाली नाही, असे 2024 मध्ये जाहीर झाले.